तोंड धुवायची वेळ

उटनूरला माझ्या मामेभावाला मण्यार चावली तेव्हा तो घरात खाली, चटईवर झोपला होता. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही. मुंगी चावली असेल म्हणून माणूस कूस बदलतो. पहाटे त्याच्या पोटात कळा आल्या, मग पापण्या जड झाल्या, मग आवाज नाकातून येऊ लागला. इंद्रवेल्ली, गुडीहतनूर मागे टाकत गाडी आदिलाबादला पोचेपर्यंत त्याला स्वतःची लाळ गिळता येईना. वाटेत केस्लापूरचा फाटा लागला. तिथे पौष अमावास्येला मेस्राम कुळातले गोंड गोदावरीचं पाणी पायी आणून नागोबाला घालतात. मामीने गाडीतूनच हात जोडले. काही तासांत घशात नळी गेली आणि त्याचा श्वास यंत्राच्या स्वाधीन झाला.

तो सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. आयसीयूच्या दाराला काच होती आणि त्याची खाट त्या काचेच्या अगदी समोर. सकाळी आणि संध्याकाळी सिस्टर त्याचं तोंड धुवायच्या. पहिले दोन दिवस ते माझ्या डोळ्यांपुढे घडत होतं, पण मी पाहत नव्हतो. माझी नजर मॉनिटरच्या आकड्यांवर खिळलेली. तिसऱ्या दिवशी पाहू लागलो. किनवटला मी पुष्कळ वर्षं मराठी शिकवलं. दहावीच्या मुलांना रसग्रहण शिकवताना सांगायचो, कवितेचा अर्थ सांगायची घाई करू नका, आधी कुठला शब्द कुठे बसलाय ते बघा. ती सवय त्या काचेपाशी जागी झाली. इथे मी जे लिहितो आहे ते त्या दहा मिनिटांच्या कामाचं रसग्रहण आहे. इतक्या भरलेल्या, इतक्या नेमक्या रचना मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

रचना कळायची तर आधी तोंड कळलं पाहिजे. धडधाकट माणसाचं तोंड दिवसभर स्वतःला धूत असतं. अर्धा ते दीड लिटर लाळ रोज पाझरते, जीभ दातांवरून फिरते, आपण गिळतो, खोकतो, बोलतो. तोंडात शेकडो जातींचे जंतू नांदतात, पण या सततच्या वाहतेपणामुळे त्यांना एका जागी फार वाढता येत नाही. नळी घातलेल्या माणसाचं हे सगळं एकदम थांबतं. ओठ मिटत नाहीत, म्हणून तोंड सुकतं. गिळता येत नाही, म्हणून लाळ घशात साचते. खोकता येत नाही, म्हणून साचलेलं वर येत नाही. दातांवरचा चिकट थर मात्र वाढत राहतो.

आणि त्या थरातली वस्तीही बदलते. १९६९ मध्ये डॅलसच्या जोहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस जितका जास्त आजारी, तितके त्याच्या घशात एरवी तिथे न राहणारे, आतड्यातल्या जातकुळीचे जंतू जास्त सापडतात. म्हणजे रुग्णालयाच्या हवेला सगळा दोष देऊन चालत नाही. आजारी शरीराच्या घशाचं अस्तरच परक्यांना चिकटू देतं. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर ही नावं नातेवाइकांनासुद्धा पाठ होतात. नळी घातल्यावर ४८ तासांनंतर जो न्यूमोनिया होतो त्याला व्हेंटिलेटरशी जोडलेला न्यूमोनिया म्हणतात. त्याचं मूळ बहुतेक वेळा यंत्रात नसतं. ते तोंडात असतं आणि थेंबाथेंबाने खाली उतरतं.

उतरतं कुठून? श्वासनळीत गेलेल्या त्या नळीच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की नळीच्या कडेची वाट बंद होते. दवाखान्यात त्या फुग्याला ‘कफ’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द दोनदा ऐकू येतो: वरून येणारा कफ, आणि त्याला अडवणारा कफ. फुग्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा असतो. जास्त झाला तर श्वासनळीच्या अस्तराचं रक्त अडतं, कमी झाला तर वरचं पाणी झिरपतं. आणि दाब अगदी बरोबर असला तरी फुग्याच्या कातडीला बारीक चुण्या पडतात आणि त्या चुण्यांमधून थोडं थोडं झिरपतंच. फुगा हा बांध आहे, पण सच्छिद्र. म्हणून जे झिरपणार ते आधी स्वच्छ ठेवायचं. सिस्टरच्या हातातल्या ब्रशला एवढा सगळा संदर्भ आहे.

आता ती दहा मिनिटं.

सिस्टर हात धुऊन, हातमोजे घालून खाटेशी येतात. पहिलं काम तोंडाचं नाहीच: त्या खाटेचं डोकं पाहतात. खाट डोक्याकडून ३० ते ४५ अंश उचललेली हवी. ही साधी गोष्ट बार्सिलोनात १९९९ मध्ये ८६ रुग्णांवर तपासली गेली. सपाट झोपवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना न्यूमोनियाचा संशय आला, उंच निजवलेल्यांपैकी ८ टक्क्यांना. उतारावरचं पाणी खाली जातं, एवढंच यामागचं शास्त्र. आमच्या डोंगराळ मुलखात हे कुणालाही सांगावं लागत नाही.

मग त्या त्याच्या कानाशी वाकतात आणि तेलुगूत म्हणतात, “अन्ना, नोरु कडुगुतानु.” दादा, तोंड धुते. मी हे वाक्य दाराच्या फटीतून ऐकलं आणि आधी मला ते रिवाजाचं वाटलं. तो तर निश्चल पडलेला, पापण्या मिटलेल्या, बोटसुद्धा हलत नव्हतं. पण मण्यारीचं विष मेंदूला झोपवत नाही. ते नसा आणि स्नायू जिथे भेटतात तिथे घाव घालतं. माणूस आतून जागा असू शकतो. डोळे उघडता येत नाहीत, पण कान उघडे असतात. सिस्टरना हे ठाऊक होतं. ते वाक्य त्यांनी एकदाही वगळलं नाही. गझलेत रदीफ जशी ठरल्या जागी परत येते, तसं ते दर वेळी त्याच जागी यायचं, आणि त्यानंतर पुढचं काही घडायचं.

भाषेबद्दल एक सांगून पुढे जातो. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात आले, उटनूर पलीकडे राहिलं. पण सीमा नात्यांतून गेली नाही. मामीच्या घरात मराठी, शेजारच्या गोंड पाड्यात गोंडी, बाजारात तेलुगू आणि दखनी. मामेभाऊ या सगळ्यांत वाढलेला. म्हणून सिस्टरची तेलुगू त्याला परकी नव्हती.

पुढचा टप्पा म्हणजे ओढून घेणं. ब्रश लावण्याआधी सक्शनची नळी गालाच्या आत, जिभेखाली, घशाच्या मागे फिरते. साचलेली लाळ घरघरत नळीत जाते. हा आवाज बाहेर उभ्या असलेल्या माणसाला नकोसा वाटतो. आपल्या रसशास्त्रात थुंकी, लाळ, दुर्गंध हे सगळं बीभत्साचं सामान आहे, आणि बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा. मी सिस्टरच्या चेहऱ्यावर जुगुप्सा शोधली, सापडली नाही. तिथे एक लक्ष होतं, सुईत दोरा ओवणाऱ्याचं असतं तसं. सामग्री बीभत्साची, पण उमटला तो वत्सल भाव. एखादा मोठा नट असं करतो तेव्हा आपण दाद देतो. इथे दाद द्यायला काचेबाहेर आम्ही दोघंच होतो, मी आणि मामी, आणि मामी रडत होती.

मग ब्रश. लहान मुलांचा असतो तसा, छोट्या डोक्याचा, मऊ केसांचा. स्वच्छ पाण्यात बुडवून निथळलेला. टपकणारा नाही, कारण टपकलेला थेंबही खाली जाऊ शकतो. सुरुवात नेहमी उजव्या बाजूने. वरचे दात बाहेरून, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, मग आतून, मग चावायची बाजू. खालचे तसेच. उजवं संपलं की थांबून सक्शन. मग डावी बाजू, त्याच क्रमाने. मग टाळू. शेवटी जीभ, मागून पुढे. पुढून मागे कधीच नाही, कारण मागे ढकललेलं सगळं घशात जातं. दुसऱ्या हातात सक्शन, म्हणजे एक हात सोडवतो आणि दुसरा लगेच उचलून घेतो. तबलजीचे दोन हात वेगळी कामं करतात आणि ऐकणाऱ्याला एकच लय ऐकू येते, तसं हे होतं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली जागा म्हणजे तो मधला थांबा. डावीकडे वळण्याआधी सिस्टर क्षणभर मॉनिटरकडे पाहायच्या. ऑक्सिजनचा आकडा, हृदयाची गती. ठीक असेल तर पुढे. घाई असलेल्या दिवशीही हा थांबा सुटला नाही. पाच खाटांचं काम एका बाईकडे असताना तो थांबा परवडत नाही, हे मी शिक्षक म्हणून सांगू शकतो. साठ मुलांच्या वर्गात मी अनेकदा असे थांबे गिळले आहेत. त्यांनी गिळले नाहीत.

ब्रशच्या आधी, जुन्या काळी इकडे दातवण सगळ्यांचं. करंज, बाभूळ, कडुनिंब. सुश्रुतसंहितेत त्याचं माप दिलं आहे: १२ अंगुळं लांब, करंगळीएवढं जाड. तिथेच दातवण कुणी वापरू नये तेही सांगितलं आहे. घसा, टाळू, जिभेचे रोग असलेल्याने, खोकला आणि दमा असलेल्याने, दुबळ्याने, मूर्च्छा येणाऱ्याने. मला हे वगळणं फार विचारपूर्वक केलेलं वाटतं. ज्याला श्वासाचा त्रास आहे त्याच्या तोंडात काडी फिरली तर ठसका लागेल, काही आत जाईल, म्हणून मनाई. म्हणजे धोका सुश्रुताच्या काळच्या वैद्यांनी ओळखला होता. पण ज्याला स्वतः घासता येत नाही त्याचं तोंड कुणी आणि कसं घासायचं, याचं उत्तर श्वास बाहेरून देता येऊ लागल्यावरच शोधावं लागलं. ती वेळ १९५२ मध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात आली. पोलिओची साथ होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि हाताने पिशवी दाबून हवा द्यायची पद्धत वापरली. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. एकाचा श्वास दुसऱ्याच्या हातात आला. पुढे पिशवीच्या जागी यंत्र आलं. ब्रश मात्र हातातच राहिला.

मधल्या काळात ब्रशच्या जागी औषध मिळालं असं वाटलं होतं. क्लोरहेक्सिडीन, कडवट चवीचं, दात काळपट करणारं जंतुनाशक. १९९६ मध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर त्याच्या गुळण्यांचा फायदा दिसला आणि जगभरच्या आयसीयूंमध्ये ते पोचलं. गोष्ट सोपी झाली: कापसाचा बोळा औषधात बुडवा, तोंडात फिरवा, चार्टवर बरोबरची खूण करा. २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या पाहण्यांनी शंका उपस्थित केली. हृदयाच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण सोडले तर इतरांना फायदा स्पष्ट दिसत नव्हता, आणि औषध लावलेल्यांमध्ये मृत्यू थोडे जास्त असावेत असा इशारा मिळत होता. टोरांटोच्या सहा आयसीयूंनी मग टप्प्याटप्प्याने ते औषध थांबवून पाहिलं, ३,२६० रुग्णांवर, आणि त्याऐवजी तोंडाची नीट निगा ठेवली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: औषध थांबवल्याने मृत्यू वाढले नाहीत. २०२२च्या अमेरिकी मार्गदर्शनात दात घासणं आवश्यक बाजूला गेलं आणि क्लोरहेक्सिडीन नको असलेल्या बाजूला.

मग डिसेंबर २०२३ मध्ये बोस्टनच्या दोन संशोधकांनी १५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. ब्रशने दात घासलेल्या रुग्णांमध्ये रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होता, आयसीयूतले मृत्यूही कमी होते, यंत्रावरचे दिवसही. फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना. आणि दिवसातून दोनदा घासलं काय, तीनदा घासलं काय, फरक पडला नाही. मी हे वाचलं तेव्हा मला त्या दहा मिनिटांची बांधणी नव्याने कळली. दातावरचा थर हा चिकटून बसलेला आहे. त्यावर औषध ओतलं तर वरवर भिजतं, पण तो मोडत नाही. तो मोडायला घासणंच लागतं. जीभ रोज जे करते ते ब्रश करतो, लाळ जे करते ते पाणी करतं, खोकला जे करतो ते सक्शन करतं. सिस्टर त्याच्या शरीराची थांबलेली कामं एकेक करून आपल्या हातांनी करत होत्या. अनेक ठिकाणी अजूनही बोळा आणि औषध यांवर भागवलं जातं. मला ते बघवत नाही, कारण बोळ्याने तोंड फक्त ओलं होतं.

हे फक्त आयसीयूपुरतं नाही, हेही इथे सांगितलं पाहिजे. जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं पाहणी झाली. ज्या म्हाताऱ्यांचं तोंड प्रत्येक जेवणानंतर काळजीवाहकांनी घासलं त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांपैकी १९ टक्क्यांना. त्यात दात नसलेले म्हातारेही होते. घरोघरी अंथरुणाला खिळलेलं कुणी ना कुणी असतं. त्यांना आपण जेवू घालतो, अंग पुसतो. तोंडाशी मात्र थबकतो.

त्या आयसीयूत शेजारच्या खाटेवर कापसावर फवारणी करताना विष भिनलेला एक तरुण होता. २०१७च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळला अशाच विषबाधेने जे मृत्यू झाले ते या मुलखातला शेतकरी विसरलेला नाही. त्या विषाने तोंडातून लाळेचा पूर येतो, गालावरून वाहतो इतका. मग अट्रोपिन देतात आणि तेच तोंड कोरडं ठणठणीत पडतं, जीभ टाळूला चिकटते, ओठ फुटतात. एकाच माणसाचं तोंड दोन दिवसांत दोन ऋतू पाहतं. सिस्टर त्याच्याकडे वळल्या की त्यांची सगळी लय बदलायची. पहिल्या दिवशी सक्शन जवळजवळ सतत, ब्रश थोडा. नंतर ब्रश जपून, आणि दर दोन-तीन तासांनी ओल्या बोळ्याने जीभ आणि गाल नुसते भिजवणं. तोच विषय, पण वेगळ्या छंदात लिहिलेला. ज्याला एकच छंद येतो त्याला मी कवी म्हणत नाही. या बाईंना तोंड पाहून छंद निवडता येत होता.

आता शेवटचा भाग, जो सगळ्यांत अवघड. नळी रोज ओठाच्या एकाच कोपऱ्यात राहिली तर तिथे दाबाने जखम होते. म्हणून ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायची. यासाठी दुसऱ्या सिस्टर यायच्या. एक जण नळी दोन बोटांत धरणार, ओठापाशी कितवा आकडा आहे ते मोठ्याने म्हणणार, दुसरी पट्टी सोडून नवी बांधणार. नळी सरकवून झाली की परत तोच आकडा मोठ्याने. त्या आकड्यात एका सेंटिमीटरचाही फरक चालत नाही. आत गेली तर एकाच फुप्फुसाला हवा, बाहेर आली तर कुणालाच नाही. मग फुग्याचा दाब मोजायचा, छातीला स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजूंचा श्वास ऐकायचा. आणि मग, अगदी सावकाश, बोटाने ओठांवर व्हॅसलीन.

या व्हॅसलीनपाशी मी अडून राहतो. न्यूमोनिया टाळायला त्याची गरज नाही. फुटलेल्या ओठाने कुणी मरत नाही. पण सगळं आवश्यक संपल्यावर हात मागे न घेता आणखी एवढं करणं, यात त्या सिस्टरची सही होती. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी असते, तपासण्या असतात. दहा मिनिटं, रोज दोनदा, सहा दिवस तोंड धुतलं, असं कुठे लिहिलेलं नसतं.

त्याला न्यूमोनिया झाला नाही. सहाव्या दिवशी बोटं हलली, मग पापण्या, मग त्याने मान उचलली. नळी निघाली. दोन दिवस आवाज बसलेला होता, फुसफुस ऐकू यायची. उटनूरला परत आल्यावर एका संध्याकाळी अंगणात बसलो होतो. मी त्याला विचारलं, तिथलं काय आठवतं?

काळोख, म्हणाला. आणि कानात सतत यंत्राची सूंसूं. किती वेळ गेला कळायचं नाही. रात्र की दिवस तेही नाही. फक्त ती बाई कानाशी अन्ना म्हणायची तेव्हा कळायचं की आता तोंड धुणार. थंड पाणी लागायचं. आधी उजवी बाजू.

“उजवी झाली की थोडं थांबायची,” तो म्हणाला. “मला भीती वाटायची, संपलं का म्हणून. मग डावी सुरू व्हायची.”